अण्णांची साक्ष

नाशिकमध्ये रशियन भाषेवर पोट भरता येत होतं, असं आज सांगितलं तर लोक हसतात. पण मी भरलं. पुण्याहून रशियनची पदविका घेऊन आले तेव्हा वडील म्हणाले होते, "या भाषेत नोकरी हवी असेल तर तुला मॉस्कोच गाठावं लागेल." प्रत्यक्षात सातपूरच्या पुढे जायची वेळ आली नाही, आणि तिथवर कंपनीची बस होती.

आमचा कारखाना लढाऊ विमानांना लागणारे पंप बनवायचा. विमानाची चाकं पोटात घ्यायची आणि उतरताना बाहेर काढायची, हे काम तेलाच्या दाबावर चालतं. तो दाब देणारा हा पंप. दोन्ही हातांत मावेल एवढाच, पण तो बंद पडला तर वैमानिकाला चाकांशिवाय उतरावं लागेल. विमानं सोव्हिएत बनावटीची, नकाशे तिकडचे, पोलादाच्या कांड्याही तिकडच्याच. सोबत शिकवायला त्यांचे तज्ज्ञ यायचे, आणि तज्ज्ञ आले की दुभाषी लागायचा.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना विचित्र वाटते. दुभाष्याने "ते म्हणतात की" असं म्हणायचं नसतं. समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं. त्यामुळे पंचविशीत मी भर मीटिंगमध्ये "माझा गुडघा दुखतो, मी युद्धात होतो" असं गंभीर चेहऱ्याने सांगितलेलं आहे. दुसरा नियम याहून कडक. आवडो न आवडो, बोललेलं सगळं पोचवायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही, गोडही करायचं नाही.

शब्दांचे घोटाळे मात्र व्हायचेच. रशियनमध्ये 'निचिवो' म्हणजे 'काही नाही'. पण एखादी वस्तू बघून रशियन माणूस 'निचिवो' म्हणाला, तर त्याचा अर्थ 'वाईट नाही, चांगली आहे' असा होतो. माझ्या आधीच्या दुभाष्याने शब्दकोश प्रमाण मानला होता, आणि आमचे फोरमन देवरे यांनी जीव ओतून घासलेला पहिला पंप 'काही कामाचा नाही' ठरून कोपऱ्यात पडला होता. मी आल्यावर देवऱ्यांनी आधी तो धूळ झटकून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "ताई, खरं काय बोलले होते ते?" मी तज्ज्ञांना विचारून सांगितलं. देवरे म्हणाले, "म्हणजे एवढे महिने आम्ही उगाच तोंड पाडून फिरलो." आमची ओळख तिथपासूनची.

देवरे सटाण्याकडच्या एका खेड्यातले. आयटीआय करून सातपूरला चिकटले आणि तिथेच मोठे झाले. बोलणं कमी. कामावर साधी मराठी बोलायचे, पण मन हललं की अहिराणीवर जायचे. त्यांच्या हाताखाली पंप सेक्शनमध्ये चाळीसेक माणसं होती.

ज्या तज्ज्ञांना मी 'निचिवो'बद्दल विचारलं ते अनातोली पेत्रोविच. उंच, खांद्यात थोडे वाकलेले. कामगारांना ते नाव उच्चारायचा कंटाळा आला आणि आठवडाभरात 'अनातोली'चं 'अण्णा' झालं. त्यांना मी सांगितलं की आमच्याकडे थोरल्या भावाला असं म्हणतात. त्यावर त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. त्यांची बायको गालिना गंगापूर रोडला कंपनीच्या बंगल्यात राहायची. तिला शेपूचं वेड. सूपमध्ये शेपू, बटाट्यावर शेपू. मखमलाबादहून टोपली घेऊन येणारी माळीणबाई पहिल्यांदा मला म्हणाली, "बाई, या बाईला विचारा, गुरांना घालती का काय?" नंतर ती शेपूचा एक वाफा खास गालिनासाठी राखायला लागली.

असं चाललं होतं आणि मग त्यांचा देशच मोडला.

ते आम्ही दूरदर्शनवर पाहिलं. बंगल्याच्या हॉलमध्ये अण्णा, गालिना आणि मी. बातम्या इंग्रजीत होत्या, मी रशियनमध्ये सांगत होते. म्हणजे त्यांचा देश राहिला नाही हे त्या दोघांना माझ्या तोंडून कळलं. अण्णांचं घर खारकोव्हला. ते गाव आता वेगळ्या देशात गेलं होतं, आणि अण्णांना पगार देणारं सरकार दुसऱ्याच देशात. गालिनाने विचारलं, "मग आम्ही कुठले?" हे तिने मला विचारलं होतं. भाषांतर करून पुढे पोचवावं असं दुसरं कोणी खोलीत नव्हतं.

पुढचं वर्ष-दीड वर्ष कारखाना जुन्या साठ्यावर चालला. मग भालेराव साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रशियाच्या नव्या संसदेत एक प्रश्न निघाला होता. मला तो कागद वाचून दाखवायचा होता.

प्रश्न साध्या भाषेत असा. जुन्या राज्यात भारत हा खास लष्करी मित्र होता. तसा करारच होता. एकावर संकट आलं तर दोघांनी ताबडतोब बसून विचार करायचा, असं कलम त्यात होतं. आणि मित्र म्हणून आपल्याला माल रुपयांत मिळायचा, सवलतीत मिळायचा, माणसं शिकवायला यायची. आता नव्या संसदेतले काही सभासद म्हणत होते, आमच्याच घरात खायची पंचाईत आहे. मैत्री ठेवू, पण हा खास दर्जा ठेवायचा का? की इतर गिऱ्हाइकांसारखंच भारतानेही डॉलर मोजावेत आणि माल न्यावा? याचा फेरविचार करण्यासाठी सभासदांची एक समिती नेमली होती. ती दिल्लीत बोलणी करून दोन-तीन कारखाने स्वतः बघणार होती. त्यांत आमचा एक होता.

भालेराव साहेब म्हणाले, "मॅडम, अनातोलींना नीट समजावून सांगा. समिती त्यांनाच विचारणार. त्यांनी एवढंच म्हणायचं की ही माणसं अजून शिकताहेत, आणखी काही वर्षं आधार लागेल. आधार लागतो म्हटलं की दर्जा राहतो. दर्जा राहिला की कांड्या येत राहतात."

मी ते जसंच्या तसं अण्णांना सांगितलं. ते ऐकून घेऊन नुसते "हं" म्हणाले.

त्याच आठवड्यात गालिनाने मला स्वयंपाकघरात ओढलं. ती म्हणाली, "वसुधा, तू त्याला सांग. तुझं तो ऐकतो. खारकोव्हच्या घरात मुलाचं कुटुंब एका खोलीत आहे, दुसरी भाड्याने दिली तेव्हा ते जेवतात. आम्ही कुठे जायचं? त्याने फक्त म्हणायचं की अजून माझी इथे गरज आहे. यात खोटं काय आहे? म्हाताऱ्या माणसाची कुठेतरी गरज असतेच ना?"

तिसरे देवरे. ते जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून आले. त्यांना मॅनेजरचं बोलणं ठाऊक नव्हतं, आणि ते सांगणं माझ्या हातात नव्हतं. "ताई, ते लोक येणार म्हणे. अण्णांना आमच्याबद्दल विचारतील. बारा वर्षं झाली मला. दोन वर्षांपासून अण्णा पंपाला हात लावत नाहीत, खुर्चीवर बसून चहा पितात आणि आम्ही करतो. पण कागदावर आम्ही अजून प्रशिक्षणार्थी. माझा पोरगा विचारतो, बाबा, तुमची परीक्षा कधी?"

मी म्हटलं, "बघू, काय विचारतात ते." दुभाष्याला यापेक्षा जास्त बोलायची सवय नसते.

समिती आली ती दुपारच्या वेळी. चार सभासद होते. अध्यक्ष चाळिशीच्या आतला, बारीक चणीचा, अर्थशास्त्र शिकलेला. तो उर्मट असेल अशी आमची तयारी होती, पण तसं काही नव्हतं. बोलायला मऊ होता, शॉप फ्लोअरवर प्रत्येक कामगाराशी हात मिळवत फिरला. भालेराव साहेबांनी स्वागताला शाली आणि मनुकांची पाकिटं ठेवली होती. मग वरच्या मजल्यावर मीटिंग बसली. देवऱ्यांना त्याच दिवशी तयार झालेला पंप घेऊन बोलावलं होतं. ते दाराजवळ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पंप स्वच्छ फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला.

आधी पुष्कळ आकडेमोड झाली. मग अध्यक्ष अण्णांकडे वळून म्हणाला, "अनातोली पेत्रोविच, संसदेला एक गोष्ट जाणून घ्यायची आहे. हा भारत आपल्या आधारावर उभा आहे की स्वतःच्या पायांवर? उद्या तुम्ही इथून निघालात, तर ही माणसं हा पंप बनवू शकतील?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. भालेराव साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते, तो थांबला.

अण्णा भालेराव साहेबांकडे बघत नव्हते, समितीकडेही नाही. त्यांची नजर दाराकडे होती. देवरे तिथे परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे होते.

"मोगुत," अण्णा म्हणाले.

म्हणजे 'बनवू शकतात'. मी तोंड उघडायच्या आधीच देवऱ्यांची मान खाली गेली. बारा वर्षांत एवढी रशियन त्यांना समजत होती. पण नियमाप्रमाणे मला बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, "बनवू शकतात."

अण्णा पुढे बोलत राहिले आणि मी त्यांच्या मागोमाग. "केव्हापासूनच बनवताहेत. मी दोन वर्षं इथे नुसता बसून आहे. या माणसाचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. त्याला शिकवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही. इथे माझी गरज नाही."

शेवटचं वाक्य मला "इथे माझी गरज नाही" असंच म्हणावं लागलं. ते म्हणताना गालिनाचं स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही असं म्हणणार नाही. पण आवाज हलू दिला नाही.

अध्यक्ष मनापासून हसला. म्हणाला, "ही तर अभिमानाची गोष्ट आहे. आपला मित्र आपल्याच पायांवर उभा आहे. अहवालात हे नक्की येईल." त्याने उठून देवऱ्यांचा हात हातात घेतला.

संध्याकाळी देवऱ्यांनी सेक्शनमध्ये पेढे वाटले. मलाही आणून दिला. "ताई, अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांच्या पार्लमेंटसमोर!" मी पेढा घेतला. तोंडात घालवेना, म्हणून रुमालात बांधून घरी नेला.

गाडीतून बंगल्यावर जाताना मी अण्णांना विचारलं. दुभाष्याने असं विचारू नये, पण विचारलं. "तुम्हाला माहीत होतं ना, याचं काय होईल?"

ते म्हणाले, "तो तिथे उभा होता. तो खाली असता तर कदाचित मी दुसरं काही बोललो असतो." आयटीआयचा सिग्नल गेला तेव्हा पुन्हा म्हणाले, "आणि वसुधा, मला वाटलं त्यांना आनंद होईल. आमच्या वेळी माणूस शिकून तयार झाला तर ते काम यशस्वी धरत."

आनंद झालाच होता. अडचण तीच होती.

संसदेतली चर्चा आणखी काही महिने चालली. त्यातले उतारे भाषांतराला माझ्याकडे येत. आमच्या बाजूने बोलणारेही होते. एका म्हाताऱ्या सभासदाने म्हटलं होतं, जुना दोस्त घरात भाकरी कमी आहे म्हणून तोडू नये. पण दुसऱ्यांनी आमच्याच कारखान्याचं उदाहरण दिलं. ही माणसं समर्थ आहेत, आपलेच तज्ज्ञ तसं सांगतात, मग खास वागणूक कशासाठी? सरळ व्यापार करावा. शेवटी नवा करार झाला. त्यात मैत्री होती, सहकार्य होतं, सदिच्छा तर पानोपानी होत्या. ते जुनं कलम तेवढं नव्हतं. सवलतही नव्हती.

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की अण्णा "नाही" म्हणाले असते तरी शेवट हाच झाला असता. एवढे मोठे देश एका फिटरच्या हातावर ठरत नाहीत. पण सातपूरला हे पटवून कोणाला द्यायचं? तिथे सरळ हिशेब होता. अण्णा "हो" म्हणाले आणि कांड्या बंद झाल्या.

त्या पोलादाचा भाव आता डॉलरमध्ये आला. दिल्लीहून मंजुरी यायला उशीर लागला, मंजुरी आली तर तिकडचा पोलादाचा कारखाना बंद. देवऱ्यांच्या माणसांनी उरलेल्या कांड्या कापताना तुकडासुद्धा वाया जाऊ दिला नाही. मग यंत्रं झाकून ठेवली. माणसं रोज येत, हजेरी लावत, जागा झाडत आणि पाचला घरी जात. काम करणाऱ्या माणसाला बसवून ठेवणं म्हणजे काय असतं, ते मी तेव्हा बघितलं. दोघं-तिघं दारूला लागले. ते आधी सुपारीसुद्धा न खाणारे होते.

अण्णांना परत बोलावल्याची तार आली.

नाशिकरोड स्टेशनवर त्यांना पोचवायला सेक्शनमधली बरीच माणसं आली होती. गालिना डब्यात जाऊन खिडकीशी बसली होती आणि कोणाशी बोलत नव्हती. माझ्याशीही नाही. मखमलाबादच्या माळीणबाईने पाठवलेली शेपूची जुडी तिच्या मांडीवर होती.

देवरे शेवटी पुढे आले. तोपर्यंत त्यांना सगळं समजलं होतं. साहेबांचं सांगणं काय होतं, तेही. हार घालायला आणला होता, पण तो हातातच राहिला. मला म्हणाले, "ताई, त्यांना विचारा. त्या दिवशी नाही म्हटले असते तर?"

मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "मग कदाचित मी इथेच राहिलो असतो. तूही तुझ्या टेबलावर असतास. आणि कागदावर शेवटपर्यंत शिकाऊ राहिला असतास. तुला ते चाललं असतं?"

मी सांगितलं. देवऱ्यांचा चेहरा आकसला. ते अहिराणीवर गेले. "मंग तेच बरं व्हतं ना, अण्णा. शिकाऊ तर शिकाऊ. घरमा चूल तं पेटती."

गाडीची शिट्टी झाली होती. गर्दीचा आवाज होता. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं असतं तर चाललं असतं. देवऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत राग होता, आणि अण्णांनीही पाहिलं. ते वाट बघत होते. मी सांगितलं. सगळं, चुलीसकट.

अण्णांनी दोनदा मान हलवली, जसे ते एखादं माप चुकल्याचं दाखवल्यावर हलवायचे. मग डब्यात चढले. देवऱ्यांनी हार घातलाच नाही. गाडी गेल्यावर तो त्यांनी फलाटावरच्या नळावर अडकवला आणि आम्ही बसने परत आलो.

पुढे सेक्शन रीतसर बंद झाला. ऐच्छिक निवृत्तीचे अर्ज आले. त्यातलं 'ऐच्छिक' कोणाच्या इच्छेचं, हे विचारायचं नसतं. देवरे गावी गेले. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला लागले. मी नाशकातच राहिले. दोन हजार सालानंतर रशियात डॉक्टरकी शिकायला जाणारी मुलं वाढली, त्यांना भाषा शिकवायला लागले. त्याच सुमाराला दोन्ही देशांनी पुन्हा एकदा भागीदारीच्या कागदावर सह्या केल्या. या वेळी शब्द होता 'सामरिक'. वर्तमानपत्रात फोटो आला. मी तो पाहिला आणि भाजी आणायला गेले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका सकाळी फोन वाजला. गालिना होती. तिची रशियन मी इतक्या वर्षांनी ऐकत होते. तिने सांगितलं, अनातोली गेला. तो एका बाजारपेठेत राखणदाराचं काम करत होता. थंडीत छातीचं दुखणं झालं. ती रडली नाही. म्हणाली, "त्याने त्या माणसाबद्दल कोणाजवळ वाईट शब्द काढला नाही. तू त्याला कळव." कोणाला, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

देवऱ्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. पण ही गोष्ट फोनवर सांगू नये असं वाटलं. मी सटाण्याची एसटी धरली आणि तिथून रिक्षाने त्यांच्या गावी गेले. ओट्यावर त्यांची बायको कांदे निवडत होती. आतून कोणीतरी विचारलं, "कोण शे?" आणि देवरेच बाहेर आले. केस पांढरे, हाताला मोटारीचं ग्रीस. मला बघून "या ताई" म्हणाले, पण स्टेशनवरचा तो दिवस आमच्या मध्ये होताच. नाशिक सोडल्यापासून त्यांनी मला एकदाही निरोप पाठवला नव्हता.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. "अण्णा गेले."

देवरे खांबाला टेकले. "बिमार व्हतात का?"

"छातीचं झालं. थंडी होती."

"कोणी जवळ होतं?"

"गालिनाबाई होत्या."

"मग ठीक," ते म्हणाले. हात पुसले, खुंटीवरचा पंचा घेतला आणि आल्या पावली परसातल्या विहिरीकडे निघून गेले. मला वाटलं, चिडले. त्यांच्या बायकोने कांद्यांची टोपली बाजूला ठेवली, आत जाऊन चुलीवरचं आधण उतरवलं आणि पुन्हा ओट्यावर येऊन बसली.

परसातून पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. कळशीमागून कळशी.

देवरे परतले तेव्हा डोक्यापासून निथळत होते. अंगावर ओला पंचा, केस कपाळाला चिकटलेले. घरचं माणूस गेल्याची बातमी आली की आमच्याकडे डोक्यावरून पाणी घेतात, तसं त्यांनी घेतलं होतं. ओट्याच्या पायरीशी उभे राहून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत आता राग नव्हता.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही केली का आंघोळ?"

मी केली नव्हती. माझ्या ते मनातही आलं नव्हतं. वहिनी उठल्या आणि त्यांनी माझ्यासाठी न्हाणीत पाणी काढलं.